मत मिळालं, मूल परकंच



२८ डिसेंबर २०२१ रोजी जॉर्डनच्या संसदेत खासदारांची आपसात जुंपली. शिवीगाळ, धक्काबुक्की, गुद्दे, सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. चर्चा चालू होती घटनादुरुस्तीची आणि वादाच्या मुळाशी होता एक शब्द. घटनेच्या दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक होतं, 'जॉर्डनींचे हक्क आणि कर्तव्ये'. अरबीत हा 'जॉर्डनी' शब्द पुल्लिंगी. त्याच्या शेजारी त्याचं स्त्रीलिंगी रूपही घालावं, एवढीच ती दुरुस्ती होती. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, तो शब्द घटनेत आला. स्त्रियांना सक्षम करण्याचं आश्वासन देणारं एक पोटकलमही आलं. पण वंश, भाषा आणि धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही असं जिथे लिहिलं आहे, त्या सहाव्या कलमाच्या यादीत 'लिंग' हा शब्द आधी नव्हता तो नंतरही आला नाही. बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं मागत होत्या तो नेमका हाच शब्द. शीर्षकात बाई आली, यादीत नाही.

हा प्रसंग आज सांगण्याचं कारण असं, की अरब राजेशाह्यांमधल्या बायकांचा विषय आपल्या बैठकांत निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. 'काय ती त्यांची दशा, त्या मानाने आपण किती बऱ्या' हा एक. 'आता तिकडेही बदलतंय, बायका गाड्या चालवायला लागल्या, मंत्री झाल्या' हा दुसरा. पहिल्यात कीव आहे आणि दुसऱ्यात भाबडेपणा. दोन्हींत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. तिथली बाई नागरिक आहे का? म्हणजे राज्याचा आणि तिचा संबंध सरळ आहे, की मध्ये कोणी पुरुष उभा आहे? मत, मंत्रिपद, वाहन परवाना या गोष्टी मोलाच्या आहेतच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांतल्या बऱ्याचशा तिथल्या बायकांना मिळाल्या. तरीही तो मधला पुरुष जागचा हललेला नाही. तो कुठे उभा आहे हे मतपेटीत दिसत नाही. त्यासाठी जन्माचा दाखला बघावा लागतो.

जॉर्डनचा नागरिकत्वाचा कायदा १९५४ चा. जॉर्डनी पुरुषाची मुलं जगाच्या पाठीवर कुठेही जन्मली तरी ती जॉर्डनीच, असं त्याचं नववं कलम सांगतं. कुवेतचा कायदा १९५९ चा. त्यातही बाप कुवेती की मूल कुवेती, मग ते कुवेतमध्ये जन्मो नाहीतर लंडनमध्ये. आणि आईचं काय? परदेशी माणसाशी लग्न केलेली जॉर्डनी बाई अम्मानच्याच दवाखान्यात बाळंत झाली, तिने ते मूल तिथेच वाढवलं, तिथल्याच शाळेत घातलं, तरी ते परदेशीच. बाप कोण हे माहीतच नसेल, अशासारखे थोडे अपवाद आहेत. म्हणजे बाप नसला तरच आई मोजली जाते.

कागदावरची ही ओळ रोजच्या जगण्यात कशी उतरते ते आपल्यातल्या सल्ला केंद्रावर बसणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायला नको. पोटच्या मुलासाठी राहण्याचा परवाना काढायचा, मुदत संपली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. सरकारी शाळा, दवाखाना, नोकरी, सगळीकडे त्याचा नंबर नागरिकांच्या मागे. काही धंदे-व्यवसाय फक्त जॉर्डनींसाठी राखलेले, त्यांची दारं बंदच. मूल मोठं झालं की आईच्या देशात राहण्यासाठी त्याला मालकाची चिठ्ठी लागते, जशी कुठल्याही परक्या मजुराला लागते. काही वर्षांपूर्वी जॉर्डन सरकारनेच दिलेल्या आकड्यांनुसार अशा आया होत्या जवळजवळ ८९ हजार आणि त्यांची मुलं साडेतीन लाखांहून जास्त. या आया रस्त्यावर आल्या. 'माझी आई जॉर्डनी आहे आणि तिचं नागरिकत्व हा माझा हक्क आहे' असं त्यांच्या मोहिमेचं लांबलचक नाव होतं. (नाव लांब आहे, पण त्यातला एकही शब्द गाळता येत नाही.) सरकारने २०१४ साली त्यांना काय दिलं? नागरिकत्व नाही, तर शिक्षण, आरोग्य, काम, मालमत्ता, वाहन परवाना अशा बाबतींतल्या काही 'सवलती' आणि एक ओळखपत्र. त्यालाही अट अशी की आई किमान पाच वर्षं देशात राहिलेली असली पाहिजे. जॉर्डनी बापाच्या मुलाला, बाप कधीच देशात राहिला नसला तरी, असा प्रश्न कोणी विचारत नाही. हातात ओळखपत्र असूनही कचेऱ्यांमधून मुलांना परत पाठवलं जात असल्याच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या.

आता सरकारचं म्हणणंही ऐकू या, कारण ते नुसतं 'आमची परंपरा' असं नाही. जॉर्डनी बायकांच्या परदेशी नवऱ्यांमध्ये मोठा भाग पॅलेस्टिनींचा आहे. त्यांच्या मुलांना नागरिकत्व दिलं तर देशाचा लोकसंख्येचा तोल बिघडेल, जॉर्डन हीच पॅलेस्टिनींची पर्यायी मातृभूमी होऊन बसेल आणि त्यांचा आपल्या भूमीवर परतण्याचा दावा लंगडा पडेल, असं सांगितलं जातं. वरवर पाहता हे पॅलेस्टिनींच्या भल्याचं वाटतं, म्हणूनच पुरोगामी माणसंही इथे गप्प बसतात. पण मग एक साधा प्रश्न उरतो. जॉर्डनी पुरुषाने पॅलेस्टिनी बाईशी लग्न केलं की त्यांची मुलं जन्मतःच जॉर्डनी होतात. तेव्हा तोल कसा बिघडत नाही? तेव्हा परतण्याचा दावा कसा लंगडा पडत नाही? देशाची चिंता बायकांच्याच पदराला बांधायची ही रीत आपल्या ओळखीची आहे. कुळाची अब्रू, जातीची शुद्धता, धर्माची संख्या, या सगळ्यांचा हिशेब बाईच्याच पोटाशी येऊन थांबतो.

कुवेतचं कारण वेगळं आहे. तिथे मुळाशी तेल आहे. नागरिकत्व म्हणजे केवळ पासपोर्ट नव्हे, तर तेलाच्या उत्पन्नातला वाटा. फुकट शिक्षण, औषधोपचार, सरकारी नोकरी, घरासाठी मदत, हे सगळं नागरिकांना. देशात राहणाऱ्या माणसांपैकी नागरिक साधारण एक तृतीयांशच. वाटा जेवढ्या कमी हातांत तेवढा मोठा, आणि तो वाटला जातो तो घरातल्या कर्त्या पुरुषामार्फत. राजघराणं आणि टोळ्यांमधला करारच असा, की आम्ही तुमच्या घराला देतो, तुम्ही तुमचं घर आमच्याशी एकनिष्ठ ठेवा. या करारात सही करणारा पुरुष आहे. बाई ही सही केलेल्या घरातली एक व्यक्ती.

याच कायद्यात अनेक वर्षं एक तरतूद होती, तिच्याजवळ मी जरा थांबणार आहे. कुवेती आईचं आणि परदेशी बापाचं मूल सज्ञान झाल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करू शकत असे. पण केव्हा? बाप मेला असेल तर, किंवा त्याने आईला कायमचा तलाक दिला असेल तर. म्हणजे सुखाने नांदणाऱ्या बाईचं मूल परकं, आणि विधवा किंवा टाकलेली झाली की त्याच बाईच्या मुलासाठी दार किलकिलं होणार! परिणाम काय व्हायचा? मुलांच्या भविष्यासाठी कागदोपत्री तलाक घेतले जात. कुटुंब हा समाजाचा पाया आहे असं घटनेत लिहिणारं राज्य आपल्या कायद्यानेच कुटुंबं मोडायला लावत होतं. कुटुंब वाचवा असं सांगणाऱ्यांना हे कधी खुपलं नाही, कारण वाचवायचं असतं ते कुटुंब बापाच्या नावाचं.

आणि तरी याच कुवेतच्या बायकांनी आखातातली सर्वांत चिवट मतदानहक्काची लढाई लढली. ती नीट सांगायला हवी, कारण तिच्यात आपल्याला न आवडणाऱ्या काही गोष्टी आहेत.

१९६२ ची कुवेतची घटना सांगते की लिंग, वंश, भाषा वा धर्म यांवरून भेद होणार नाही. म्हणजे जॉर्डनच्या यादीत नसलेला शब्द इथे पहिल्यापासून होता. पण त्याच वर्षीच्या निवडणूक कायद्याने मत दिलं ते फक्त पुरुषांना. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बायकांच्या संघटनेने समान हक्कांची मागणी संसदेपुढे नेली. ती अडली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. त्या सात महिन्यांत बायकांनी निदर्शनं केली, लपूनछपून औषधं, पैसे, माहिती पोचवली. असरार अल कबंदी यांच्यासारख्यांनी तर जीव दिला. परागंदा झालेलं राजघराणं तेव्हा म्हणत होतं की मुक्तीनंतर बायकांच्या योगदानाची दखल घेऊ. १९९१ मध्ये देश मुक्त झाला. १९९२ च्या निवडणुकीत मत दिलं पुरुषांनीच.

मग मे १९९९ मध्ये संसद विसर्जित असताना अमीर शेख जाबेर यांनी फर्मान काढलं की बायकांना मत द्यायचा आणि उभं राहायचा हक्क असेल. नोव्हेंबरात नव्या संसदेने ते फेटाळलं. त्यात इस्लामवादी होते, टोळ्यांचे प्रतिनिधी होते, पण 'फर्मानाने कायदा करणं घटनेला धरून नाही' असं म्हणत विरोध करणारे उदारमतवादीही होते. आठवड्याभराने खासदारांनी स्वतःचं विधेयक आणलं तेव्हा ते ३२ विरुद्ध ३० असं दोन मतांनी पडलं. २००० साली बायका मतदार नोंदणी केंद्रांवर जाऊन उभ्या राहिल्या, नाव नोंदवायला नकार मिळाला, तो नकार घेऊन त्या कोर्टात गेल्या. कोर्टाने तांत्रिक मुद्द्यांवर त्यांना परत पाठवलं. २००५ च्या वसंतात त्या निळ्या रंगाचे कपडे घालून संसदेसमोर जमल्या आणि १६ मे २००५ ला ३५ विरुद्ध २३ मतांनी कायदा झाला. त्यातही शेवटच्या क्षणी शेपूट जोडलं गेलं, की मतदार आणि उमेदवार स्त्रियांनी शरियतचे नियम पाळले पाहिजेत. पुरुषांसाठी असं काही जोडण्याची कोणाला गरज वाटली नाही. २००९ मध्ये चारजणी निवडून आल्या: मासुमा अल मुबारक, रोला दश्ती, असील अल अवधी आणि सलवा अल जस्सार. त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याच्या संमतीची गरज नाही. म्हणजे चार बायका खासदार झाल्यानंतर काही महिन्यांनी कुवेती बायकोला स्वतःच्या नावावर पासपोर्ट मागता येऊ लागला. क्रम बघा.

यात न आवडणारी गोष्ट कोणती? हक्क नाकारला तो निवडून आलेल्या संसदेने आणि पुढे केला तो निवडून न आलेल्या अमीराने. लोकशाही म्हणजे आपोआप बायकांची बाजू, असं मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे बोचतं. आणि मग 'निदान राजा तरी पुढारलेला आहे' असं म्हणायचा मोह होतो. तिथल्याही काही बायकांना तो झाला. पण वरून आलेलं दान वरच्याच हाताने परत घेता येतं. १० मे २०२४ रोजी आताचे अमीर शेख मिशाल यांनी संसद विसर्जित केली आणि घटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. तीसहून अधिक वर्षं झगडून बायकांनी जे मत मिळवलं ते एकोणीस वर्षांत निरुपयोगी झालं. पुरुषांचंही झालं, हे खरं. अशी समानता मात्र कोणी मागितली नव्हती.

त्याहून भयंकर गोष्ट त्याच वर्षी सुरू झाली. कुवेती पुरुषांशी लग्न करून, कायद्याने ठरवलेली वर्षं काढून, रीतसर कुवेती नागरिक झालेल्या हजारो स्त्रियांचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. कुवेतमध्ये दुहेरी नागरिकत्व चालत नाही, त्यामुळे या बायकांनी आपलं मूळचं नागरिकत्व आधीच सोडलेलं होतं. वीस-वीस, तीस-तीस वर्षं त्या देशात राहिलेल्या, शाळांमध्ये शिकवलेल्या, नातवंडं झालेल्या बायका एका यादीत नाव छापून आल्याने कुठल्याच देशाच्या उरल्या नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये कायदाही बदलला आणि परदेशी बायकोला लग्नामुळे नागरिकत्व मिळण्याची वाटच बंद झाली. म्हणजे आता हिशेब असा. कुवेती बाई परक्याशी लग्न करते तेव्हा तिचं नागरिकत्व तिच्या मुलाला पोचत नाही, आणि परकी बाई कुवेत्याशी लग्न करते तेव्हा त्याचं तिला पोचत नाही. दोन्हीकडे नागरिकत्व पुरुषाच्या हातातून बाईच्या हाती येता येता थांबतं. तेच कुवेती सरकार २०२५ मध्ये फौजदारी कायद्यातलं १५३ वं कलम, बदफैली करताना पकडलं म्हणून बायकोला, मुलीला, बहिणीला ठार मारणाऱ्याला नाममात्र शिक्षा देणारं, रद्द करतं. हे चांगलंच झालं. तिथल्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोहीम चालवली होती. पण जो हुकूम एका हाताने हे देतो तोच दुसऱ्या हाताने ते घेतो, आणि दोन्ही वेळा बाईला विचारलेलं नसतं.

सौदी अरेबियाकडे वळताना आधी एक शब्द. तिथल्या बाईचा बाप, नवरा, भाऊ, प्रसंगी मुलगासुद्धा तिचा 'वली' असतो. वली म्हणजे पालक. आपल्या मराठीतला 'वाली' याच कुळातला. 'तिला कोणी वाली नाही' असं आपण हळहळून म्हणतो. तिथल्या बाईचं दुखणं असं की तिला वाली आहे, आणि तो सुटत नाही. २००१ सालापर्यंत सौदी बाईचं स्वतःचं ओळखपत्रच नव्हतं, तिचं नाव कुटुंबाच्या कार्डावर पुरुषाखाली लिहिलेलं असे. ओळखपत्र आलं तेही आधी वलीच्या परवानगीने.

६ नोव्हेंबर १९९० ला रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्या चालवल्या. कित्येकींच्या नोकऱ्या स्थगित झाल्या, पासपोर्ट जप्त झाले, मशिदींमधून त्यांच्या नावाने शिव्या पडल्या. २४ जून २०१८ ला बंदी उठली आणि चाकामागे हसणाऱ्या बाईचा फोटो जगभर छापून आला. त्याच्या महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, लुजैन अल हथलूल, अझीझा अल युसूफ, इमान अल नफ्जान अशा त्याच हक्कासाठी झगडलेल्या बायकांना अटक झाली. १९९० मध्ये गाडी चालवणाऱ्या आयेशा अल माना आणि मदीहा अल अजरूश यांनाही तेव्हा उचललं, नंतर सोडलं. लुजैनचा तुरुंगात छळ झाल्याचं तिच्या घरच्यांनी जगाला सांगितलं. ती सुटली फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही प्रवासबंदी घेऊनच. हा विरोधाभास वाटेल, पण तो नाही. राज्याला बाईने गाडी चालवायला हवी होती. तेलावरचं अवलंबन कमी करायचं तर बायका कामावर हव्यात आणि कामावर जायला गाडी हवी. राज्याला नको होतं ते एवढंच, की 'हे आम्ही मिळवलं' असं कोणा बाईने म्हणावं. मागून घेतलेली गोष्ट हक्क ठरते आणि तिच्या पाठोपाठ दुसरी मागणी येते. म्हणून दान द्यायचं आणि मागणारीला तुरुंगात टाकायचं.

२०१९ मध्ये एकवीस वर्षांवरच्या सौदी बाईला वलीच्या संमतीशिवाय पासपोर्ट आणि प्रवास खुला झाला, जन्माची नोंद करता येऊ लागली. हे कमी नाही, हजारोंना मोकळा श्वास मिळाला. पण ८ मार्च २०२२ ला जाहीर झालेल्या कुटुंब कायद्याने बाईचं लग्न लावून देणारा वली पुरुषच असेल हे प्रथमच लेखी पक्कं केलं. नवऱ्याच्या घरी राहायला वा त्याच्या इच्छेला सबळ कारणाशिवाय नकार दिला तर पोटगीचा हक्क जाईल, हेही त्यात आलं. पूर्वी हे न्यायाधीशाच्या मर्जीवर होतं, आता छापील आहे. तारीख मात्र त्यांनी नेमकी निवडली! आठ मार्चला बायकांना भेटवस्तू देण्याची हौस फक्त आपल्याकडच्या साडीच्या दुकानांनाच असते असं नाही.

तशी आठ मार्चची आणखी एक तारीख आहे. कतारमध्ये १९९९ साली ८ मार्चलाच नगर परिषदेची पहिली निवडणूक झाली आणि बायकांनी मत दिलं, त्या उभ्याही राहिल्या. २०२१ मध्ये तिथे शूरा कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. तीस जागांवर एकही बाई निवडून आली नाही, अमीरांनी दोघींना नेमलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वमत घेऊन ती निवडणूकच बंद केली गेली. बहरीनमध्ये २००२ पासून बायकांना मत आहे, ओमानमध्ये २००३ पासून सर्व प्रौढांना. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्ये फर्मान काढून संघीय परिषदेत निम्म्या जागा बायकांना दिल्या. जगातल्या फार थोड्या सभागृहांत इतकं प्रमाण आहे. पण ती परिषद सल्ला देते, कायदे करत नाही. आणि या सगळ्या देशांत आईकडून मुलाला मिळणारं नागरिकत्व हक्काने नाही, झालंच तर अर्जाने, विनंतीने, कृपेने मिळतं.

'हे सगळं इस्लाममुळे' असं म्हणून वही मिटणाऱ्यांसाठी मोरोक्को आहे. तोही मुसलमान देश, तिथेही राजा, आणि राजा स्वतःला श्रद्धावंतांचा प्रमुख म्हणवतो. १९९२ साली तिथल्या बायकांनी कुटुंब कायदा बदलण्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम काढली. २००० च्या मार्चमध्ये रबातला बदलाच्या बाजूने आणि त्याच दिवशी कासाब्लांकाला विरोधात प्रचंड मोर्चे निघाले. विरोधातल्या मोर्च्यातही बायका मोठ्या संख्येने होत्या. २००४ मध्ये कुटुंब कायदा बदलला आणि २००७ मध्ये मोरोक्कन आईचं नागरिकत्व मुलाला जन्मतः मिळू लागलं. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या 'सीडॉ' करारावर सही करताना मुलांच्या नागरिकत्वाबाबत (नववं कलम) मोरोक्कोने राखून ठेवलेली हरकत २०११ मध्ये मागे घेतली. जॉर्डन, कुवेत, सौदी, कतार यांच्या हरकती तशाच आहेत. मोरोक्कोतही काम पुरं झालेलं नाही. परदेशी बायकोला मिळतं तसं परदेशी नवऱ्याला बायकोमुळे नागरिकत्व मिळत नाही. पण अडसर कुराणात नसून कायद्याच्या वहीत आहे, आणि वही बायकांनी बदलायला लावली, हे तिथे दिसलं.

आपलं आणि आखाताचं नातं जुनं आहे. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांच्या भिंती तिकडच्या पैशांनी उभ्या राहिल्या ते आपण पाहतोच. म्हणून आणखी एका बाईबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. कुवेती, सौदी, कतारी बाई कामावर जाते, निवडणूक लढवते, तेव्हा तिच्या घरी मुलं सांभाळणारी बाई भारतातली, श्रीलंकेतली, फिलिपिन्समधली, इथिओपियातली असते. 'कफाला' पद्धतीत तिचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला. हीसुद्धा एक वलीगिरीच आहे, आणि इथे वली कधी कधी खुद्द मालकीणबाई असते. आखातातल्या स्त्रीचळवळीने हा प्रश्न फारसा उचललेला नाही, आणि हे आपण मैत्रीच्या नात्याने त्यांना सांगायला हवं. सांगताना हेही आठवावं, की तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी आखातात जाऊ न देण्याचा नियम आपल्याच सरकारने वर्षानुवर्षं चालवला. तिच्या रक्षणासाठी, अर्थात. मालकाला वेसण घालणं अवघड, बाईला घरी बसवणं सोपं.

आणि नागरिकत्वाचं म्हणाल तर आपला १९५५ चा कायदाही असाच होता. परदेशात जन्मलेलं मूल भारतीय ठरायचं ते बाप भारतीय असेल तरच. आईचं भारतीयत्व त्यात धरलं जाऊ लागलं डिसेंबर १९९२ पासून, म्हणजे प्रजासत्ताक झाल्यावर बेचाळीस वर्षांनी. त्याची आपल्याकडे फार चर्चा झाल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. ज्या बायकांनी हे सोसलं त्यांच्या मुलाखती आज घ्यायला हव्यात, त्यांतल्या कितीतरी अजून हयात असतील.

'सीडॉ'वर भारताने १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेव्हा आपल्या सरकारने एक निवेदन जोडलं. कुठल्याही समाजाच्या मागणीशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या खाजगी बाबींत ढवळाढवळ न करण्याच्या धोरणाला धरूनच लग्न आणि कुटुंबातली समानता पाळू, असं त्यात म्हटलं आहे. ते अजून मागे घेतलेलं नाही. 'समाजाची संमती' म्हणजे कोणाची? अम्मानमध्ये आणि कुवेतमध्ये बायकांना हेच ऐकवलं गेलं.

येत्या ८ मार्चसाठी पत्रकाचे मसुदे आपल्या गटांमध्ये फिरू लागतील. आखातातल्या बायकांना पाठिंब्याचा ठराव त्यात जरूर घालावा. जॉर्डनच्या आयांची मागणी आणि कुवेतमध्ये यादीत नाव येऊन बेवतन झालेल्या बायकांचा प्रश्न त्यात नाव घेऊन यावा, नुसतं 'मुस्लिम देशांतल्या भगिनी' असं मोघम नको. फक्त माझी सूचना अशी, की भारत सरकारने १९९३ चं ते निवेदन मागे घ्यावं ही मागणी त्या ठरावाच्या आधी, वरच्या ओळीत लिहावी. मसुद्यावरच्या सूचना गटांनी पुढच्या बैठकीपर्यंत लेखी कळवाव्यात.